हवामान केंद्राची निगा

३० मे २०२४ रोजी नागपुरातल्या रामदासपेठेत, पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या शेतात उभ्या असलेल्या स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश सेल्सिअस तापमान कळवले. सोनेगावच्या केंद्राने ५४ अंशांची नोंद दिली. त्याच दिवशी खापरी आणि रामटेक इथली केंद्रे मात्र ४४ अंशांच्या आसपास होती. आदल्याच दिवशी दिल्लीतल्या मुंगेशपूर केंद्राने ५२.९ अंश कळवून देशभर खळबळ उडवली होती. भारतात आजवर मान्य झालेले सर्वाधिक तापमान ५१ अंश आहे. ते १९ मे २०१६ रोजी राजस्थानातल्या फलोदीत नोंदवले गेले. जगाचा विक्रम ५६.७ अंशांचा, कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीचा, १० जुलै १९१३ चा. म्हणजे रामदासपेठ जागतिक विक्रमापासून एका अंशाच्या आत येऊन पोहोचली होती.

हवामान विभागाने तपासणी केली. मुंगेशपूरचा सेन्सर प्रमाणित उपकरणापेक्षा सुमारे ३ अंश जास्त दाखवत होता. नागपूरचे आकडेही सेन्सरच्या बिघाडाचे ठरले.

अशा चुकांची बातमी होते, कारण त्या अचाट असतात आणि कुणाच्याही चटकन डोळ्यांत भरतात. खरी काळजी आहे ती शहाण्यासारख्या दिसणाऱ्या चुकांची. पर्जन्यमापकाचे तोंड पालापाचोळ्याने बुजले, तर केंद्र धो धो पावसातही ०.० मिलिमीटर कळवत राहते. त्या शून्यात संशय घेण्यासारखे काही नसते, कारण वर्षातल्या बहुतेक दिवशी तोच आकडा बरोबर असतो. तापमान, आर्द्रता, वारा, पाऊस मोजणारे यंत्र आपले मापन बिघडले आहे हे स्वतःहून ओळखू शकत नाही. ते ओळखण्यासाठी कुणीतरी बादली, ब्रश, पाणसळ आणि मल्टिमीटर घेऊन तिथे जावे लागते. या फेरीत जे काही केले जाते ते बाहेरच्या माणसाला साफसफाई वाटते. प्रत्यक्षात ते मापनशास्त्र आहे, आणि विलक्षण सूक्ष्म आहे.

महाराष्ट्रात या विषयाला फार मोठे वजन आहे. २०१७ पासून राज्य सरकार आणि स्कायमेट यांच्या ‘महावेध’ प्रकल्पात दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रे उभी राहिली, साधारणपणे प्रत्येक महसूल मंडळात एक. मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला तर ती अतिवृष्टी, असा शासनाचा निकष आहे. फळपीक विम्यात तर पाऊस, तापमान आणि आर्द्रतेच्या आकड्यांवरच भरपाई ठरते. समजा मंडळात खरोखर ७० मिलिमीटर पाऊस झाला आणि पर्जन्यमापक ८ टक्के कमी मोजत असेल. नोंद होईल ६४.४ मिलिमीटर. कागदावर अतिवृष्टी झालीच नाही. शेतात गुडघाभर पाणी असलेल्या माणसाला हे समजावून सांगणे कुणालाच शक्य नसते.

म्हणून पर्जन्यमापकापासूनच सुरुवात करू.

पाऊस मोजून ठेवण्याची आपली परंपरा जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोष्ठागारासमोर एक अरत्नी, म्हणजे सुमारे हातभर रुंदीचे कुंड पावसाच्या मापासाठी ठेवायला सांगितले आहे. कोणत्या प्रदेशात किती द्रोण पाऊस पडतो, हेही तिथे दिले आहे. त्यात अश्मक, म्हणजे आपले गोदावरी खोरे, साडेतेरा द्रोणांवर आहे, आणि अपरान्त, म्हणजे कोकण, अमाप पावसाचा प्रदेश म्हणून नोंदलेला आहे. दोन हजार वर्षांपूर्वीही पावसाचा आकडा धान्याच्या आणि साऱ्याच्या हिशेबाला जोडलेला होता, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

आजच्या केंद्रातला पर्जन्यमापक ज्या युक्तीवर चालतो ती ख्रिस्तोफर रेन या इंग्रज शास्त्रज्ञ-वास्तुरचनाकाराने १६६२ च्या सुमारास काढली. नरसाळ्याखाली दोन खणांची एक छोटी बादली आसावर तोललेली असते, बागेतल्या सीसॉसारखी. एक खण भरला की ती कलंडते, पाणी सांडते आणि दुसरा खण नरसाळ्याखाली येतो. प्रत्येक कलंडण्याबरोबर बादलीवरचा लोहचुंबक एका काचेच्या नळीतल्या रीड स्विचसमोरून जातो, क्षणभर विजेचे मंडल पूर्ण होते आणि डेटा लॉगर एक आकडा वाढवतो. नरसाळ्याचे तोंड २०० मिलिमीटर व्यासाचे आणि एक कलंडणे ०.२ मिलिमीटर पावसाचे धरले, तर खणात मावायला हवे ६.२८ घन सेंटिमीटर पाणी. त्यात अर्ध्या घन सेंटिमीटरचा फरक पडला की झाली ८ टक्क्यांची चूक. खणाच्या तळाशी बसलेला गाळाचा पातळ थर तेवढे काम सहज करतो.

तंत्रज्ञ आल्यावर पहिले काम करतो ते पावसाची वायर लॉगरपासून सुटी करण्याचे, किंवा लॉगरला देखभालीच्या स्थितीत टाकण्याचे. हे विसरले तर रखरखीत उन्हात, तपासणीसाठी ओतलेल्या पाण्याचा पाऊस थेट राज्याच्या नोंदींत जाऊन बसतो. मग नरसाळे उचलायचे. आत काय सापडेल याचा नेम नसतो: कडुनिंबाची पाने, पक्ष्यांची विष्ठा, उन्हाळ्यातल्या धुळीचा वळिवाने केलेला चिखल, बादलीपासून भिंतीपर्यंत ताणलेले कोळ्याचे जाळे, मुंग्यांचे वारूळ. जाळे दिसायला क्षुल्लक असते, पण ते बादलीला एका बाजूला धरून ठेवते. नरसाळ्यातली गाळणी काढून धुतात, त्याची नळी साफ करतात, खण मऊ ब्रशने आणि साध्या पाण्याने स्वच्छ करतात. खणाच्या आतल्या बाजूला बोट लावायचे नाही, कारण बोटाचे तेल पृष्ठभागावर राहते, पाणी थेंबाथेंबाने चिकटून बसते आणि खण पूर्ण रिकामा होत नाही. आसाला तेल द्यायचे नाही, त्यावर धूळ जमते. त्यानंतर पाणसळ ठेवून बूड सपाट आहे का ते बघायचे. बूड कललेले असेल तर एक खण लवकर कलंडतो आणि दुसरा उशिरा.

मग खरी परीक्षा. ६२८ घन सेंटिमीटर पाणी मोजून घ्यायचे आणि बारीक छिद्रातून नरसाळ्यात थेंब थेंब सोडायचे. बादली १०० वेळा कलंडली पाहिजे. ९२ वेळाच कलंडली, तर खणाखालचे टेकूचे स्क्रू थोडे वर फिरवायचे. टेकू वर आला की कमी पाण्यात तोल जातो आणि संख्या वाढते. पाव फेरा फिरवायचा आणि सगळे पाणी पुन्हा पहिल्यापासून सोडायचे. घाई करून पाणी भडाभडा ओतले तर परीक्षा निरर्थक होते, कारण बादली कलंडत असताना वरून पडणारे पाणी आधीच भरलेल्या खणात जाते आणि मोजले जात नाही.

हीच अडचण खऱ्या ढगफुटीसारख्या पावसात येते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यातल्या एका तासात सुमारे १९० मिलिमीटर. त्या वेगाने ०.२ मिलिमीटरची बादली तासात ९५० वेळा, म्हणजे दर चार सेकंदांच्या आतच कलंडावी लागते. जिथे अचूक मोजणी सर्वांत गरजेची, तिथेच हे यंत्र काही टक्के कमी मोजते. म्हणून चांगल्या केंद्रात बादलीवर पाण्याचा वेग सारखा करणारी वक्रनलिका बसवतात किंवा गणिताने दुरुस्ती करतात. त्या दुरुस्तीलाही अर्थ असतो तो खण स्वच्छ असेल तरच.

नळी पूर्ण न बुजता अर्धवट बुजली, तर आणखी एक फसवा प्रकार होतो. पाणी नरसाळ्यात साठते आणि पाऊस थांबल्यावर तासन् तास झिरपत राहते. आकडेवारीत तुफानी पावसाच्या जागी संथ, एकसारखी भुरभुर दिसते, तीही आकाश निवळल्यावर. पुण्यात किंवा मुंबईत पडद्यासमोर बसलेला जाणकार शेजारच्या केंद्रांशी ताडून हे ओळखू शकतो. शून्यापेक्षा हे बरे, निदान आपण आजारी आहोत एवढे तरी ते सांगते.

तापमानाकडे वळू. पुष्कळ केंद्रांत प्लॅटिनमच्या तारेचा सेन्सर असतो. शून्य अंशाला त्याचा विद्युतरोध बरोबर १०० ओहम असतो आणि दर अंशाला तो साधारण ०.३८५ ओहमने वाढतो. ४५ अंशांच्या नागपुरी दुपारी तो सुमारे ११७.५ ओहम होईल. याचा अर्थ असा की ३ अंशांची चूक व्हायला अवघा १.२ ओहमचा फरक पुरतो. गंजलेला कनेक्टर, सैल झालेला स्क्रू किंवा पावसात पाणी शिरलेला जोड एवढा रोध सहज पैदा करतो. त्यावर उपाय म्हणून सेन्सरला दोनऐवजी चार तारा जोडतात. दोघींतून प्रवाह जातो, दोघींवरून विद्युतदाब मोजला जातो, त्यामुळे तारांचा स्वतःचा रोध हिशेबात येत नाही. तरीही आर्द्रतेने तारांचे आवरण कुजले तर चार तारांचीही मात्रा चालत नाही. म्हणून प्रत्येक फेरीत सेन्सरशेजारी प्रमाणित तापमापक ठेवून दोन्ही आकडे लिहून घेतात. शक्यतो सकाळी एकदा आणि दुपारी एकदा, कारण २५ अंशांना सरळ वागणारा सेन्सर ४५ अंशांना तसाच वागेल याची हमी नसते.

सेन्सरभोवती पांढऱ्या थाळ्यांची चवड असते. तिचे पूर्वज म्हणजे जुन्या वेधशाळांतली झडपांची पांढरी पेटी. ती टॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटिश दीपगृह-अभियंत्याने तयार केली. कादंबरीकार रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन त्याचाच मुलगा. ऊन अडवायचे आणि वारा खेळू द्यायचा, एवढेच तिचे काम. पण पांढरा रंग धुळीने मळला की थाळ्या ऊन शोषतात आणि वारा पडलेला असेल त्या दुपारी आतली हवा बाहेरच्यापेक्षा गरम होते. साबणाच्या पाण्याने थाळ्या धुणे ही तापमानाची दुरुस्तीच आहे.

आर्द्रतेच्या सेन्सरची तपासणी मला सगळ्यांत सुंदर वाटते. मिठाचे संपृक्त द्रावण, म्हणजे आणखी मीठ विरघळणार नाही असे पाणी, बंद भांड्यात ठेवले की त्यावरच्या हवेची सापेक्ष आर्द्रता २५ अंशांना सुमारे ७५ टक्क्यांवर येऊन थांबते. भांडे लहान असो की मोठे, मीठ थोडे असो की पुष्कळ, आकडा तोच. लिथियम क्लोराइडचे द्रावण घेतले तर आर्द्रता ११ टक्क्यांच्या आसपास स्थिरावते. सेन्सरचे टोक आधी एका आणि मग दुसऱ्या भांड्यात घालून तासभर थांबले की तो कोरड्या आणि दमट अशा दोन्ही टोकांना खरा आहे की नाही हे कळते. गंमत अशी की कोकण किनाऱ्यावर या सेन्सरचा शत्रूही मीठच. देवगड-रत्नागिरीच्या खाऱ्या वाऱ्याने सेन्सरच्या टोपीवर मिठाचा थर बसतो, तो हवेतला ओलावा धरून ठेवतो आणि केंद्र आर्द्रता जास्त दाखवू लागते. तिथे टोपी वरचेवर बदलावी लागते.

वाऱ्याचे यंत्र १० मीटर उंचीवर असते. फिरत्या वाट्यांचा वायुवेगमापक आयर्लंडमधल्या रॉबिन्सन यांनी १८४६ मध्ये चार वाट्यांचा केला, कॅनडाच्या पॅटरसन यांनी १९२६ मध्ये तो तीन वाट्यांवर आणला. त्याचा आजार एकच, बेअरिंगची झीज. ती मोठ्या वाऱ्यात दिसत नाही, मंद झुळकीत दिसते: वाट्या उशिरा हलू लागतात आणि नोंदींत ‘शांत’ तास वाढत जातात. वातकुक्कुटाच्या बाबतीत उत्तर दिशा नीट लावली आहे का, हे पाहावे लागते. खांब थोडा फिरला तर त्या केंद्राचा नैऋत्य मोसमी वारा पश्चिमेचा होऊन बसतो. दाबमापकाला फारशी निगा लागत नाही. मात्र त्याच्या हवेच्या छिद्रात कुंभारीण माशीने मातीचे घर केलेले नाही ना, एवढे बघावे.

सौरप्रारणमापकाचा काचेचा घुमट मात्र रोज पुसावा असे शास्त्र सांगते. पक्ष्याने त्यावर एक शिंतोडा टाकला तरी सूर्य मंदावतो. घुमटाखालची हवा कोरडी ठेवणारे सिलिकाचे निळे खडे गुलाबी झाले की ते बदलायचे.

बाकी उरते ते घर सांभाळणे. सोलर पॅनलवरची धूळ पुसणे, बॅटरीच्या टोकांवरची पांढरी-हिरवी पूड घासून पेट्रोलियम जेली लावणे, पेटीत शिरलेल्या पाली आणि मुंग्या काढणे, उंदरांनी कुरतडलेल्या केबल बदलणे, अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालून त्याचा रोध मोजणे. मे महिन्यातली अर्थिंगची तपासणी चुकवू नये. मृगाच्या आधीच्या वळिवात विजा सर्वाधिक कडकडतात, आणि १० मीटरचा लोखंडी खांब माळावर एकटाच उभा असतो.

एक गोष्ट मात्र कुठल्याही मल्टिमीटरला कळत नाही: आजूबाजूचा बदल. केंद्र बसवले तेव्हा मोकळे मैदान होते. नंतर कुणी शेजारी पत्र्याची शेड टाकली, अंगणात कोबा केला, कुंपणाला लागून सुबाभूळ लावली. वाऱ्याचे मापन नीट व्हायचे तर अडथळा त्याच्या उंचीच्या दहापट दूर हवा, म्हणजे सहा मीटरची शेड साठ मीटरच्या आत नको. सगळे सेन्सर ठणठणीत असूनही असे केंद्र हळूहळू शेडचे आणि कोब्याचे हवामान सांगू लागते. म्हणून जाणता तंत्रज्ञ दर खेपेला खांबाजवळ उभा राहून चारी दिशांचे फोटो काढतो आणि गवत कापतो.

भारतात या सगळ्या शिस्तीचे माहेरघर पुणे आहे. हवामान विभागाची उपकरणशाळा इथे आहे, आणि इन्सॅट व कल्पना-१ यांसारख्या उपग्रहांमार्फत, ३६ हजार किलोमीटर वर जाऊन परत येणारे केंद्रांचे संदेश उतरवणारे भूकेंद्रही इथेच उभारले गेले. स्वातंत्र्यानंतर परदेशी उपकरणांवरचे अवलंबन तोडण्याचे काम १९४८ मध्ये पुण्यात रुजू झालेल्या अन्ना मणी यांनी केले. जवळपास शंभर उपकरणांचे आराखडे त्यांनी प्रमाणित करून ती देशात बनवायला लावली. चुकीचे मापन हे मापनच न करण्यापेक्षा घातक, यावर त्या ठाम होत्या. त्यांनी ज्याचा पाया घातला त्या प्रारणमापनाची साखळी आजही पाहण्यासारखी आहे. गावच्या केंद्रातला प्रारणमापक पुण्याच्या प्रमाणकाशी ताडला जातो, आणि पुण्याचा प्रमाणक स्वित्झर्लंडमधल्या डाव्होस इथे, दर पाच वर्षांनी भरणाऱ्या तुलनेत जागतिक प्रमाणकाशी.

माणूस जिथे फिरकूच शकत नाही अशा जागी केंद्र ठेवण्याचे प्रयत्नही झाले आहेत. ऑक्टोबर १९४३ मध्ये यू-५३७ या जर्मन पाणबुडीने कॅनडातल्या लाब्राडोरच्या निर्जन किनाऱ्यावर एक स्वयंचलित केंद्र गुपचूप उभारले. कुणाला संशय येऊ नये म्हणून पिंपांवर अस्तित्वात नसलेल्या एका कॅनेडियन हवामान संस्थेचे नाव रंगवले आणि आसपास अमेरिकन सिगारेटची पाकिटे टाकली. दर तीन तासांनी संदेश पाठवणारे ते केंद्र लवकरच मुके झाले. त्याची खरी ओळख पटायला १९८१ उजाडले. आज ते ओटावाच्या युद्धसंग्रहालयात आहे. एव्हरेस्टवर २०१९ मध्ये ८४३० मीटरवर आणि २०२२ मध्ये शिखराच्या जेमतेम खाली, ८८१० मीटरवर केंद्रे बसवली गेली, ती शेर्पांच्या बळावर. तिथे निगा राखायची म्हणजे दर वेळी एव्हरेस्ट चढायचा.

वाऱ्याच्या विक्रमाची गोष्ट यातच बसते. १२ एप्रिल १९३४ रोजी अमेरिकेतल्या माउंट वॉशिंग्टनवर ताशी ३७२ किलोमीटरचा झोत नोंदला गेला. त्या दिवशी पहाटे वेंडेल स्टीव्हन्सन या निरीक्षकाला यंत्राचा आकडा वाऱ्याच्या आवाजाच्या मानाने कमी वाटला. यंत्रावर बर्फ चढला असणार हे ओळखून तो त्या वादळात शिडी चढला आणि लाकडी दांडक्याने बर्फ ठोकून पाडला. आकडा लगेच वर गेला. हा विक्रम सहा दशके टिकला. तो मोडला एका स्वयंचलित केंद्राने, जिथे त्या घटकेला कुणी शिडी चढणारे नव्हते. १० एप्रिल १९९६ रोजी ऑलिव्हिया चक्रीवादळात पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याजवळच्या बॅरो बेटावर ताशी ४०८ किलोमीटरचा झोत नोंदला गेला. आकडा इतका मोठा होता की वर्षानुवर्षे तो कुणी विक्रम म्हणून पुढेच केला नाही. पुढे जागतिक हवामान संघटनेच्या तज्ज्ञ समितीने यंत्राची जात, त्याची अवस्था आणि त्या वादळातल्या झोतांचा क्रम तपासला, वायुवेगमापक यांत्रिकदृष्ट्या निर्दोष होता असा निर्वाळा दिला, आणि १४ वर्षांनी, २०१० मध्ये, तो आकडा जगाच्या नोंदवहीत चढला.